वर चाल, खाली नाव

राजश्री कंडक्टरच्या कविता अरुंद होत्या. खरोखरच अरुंद, दोन बोटं रुंदीच्या. तिकिटाच्या मशीनमधला कागदाचा रोल संपत आला की उरलेली शेपटी ती काढून घ्यायची आणि गाडी डेपोत लागली की तिच्यावर बॉलपेनानं लिहायची. कागदच एवढासा, ओळीत तीन-चार शब्दांपलीकडे काही मावायचंच नाही. शुक्रवारी दुपारी महाडच्या कोर्टाबाहेरच्या टायपिंगच्या दुकानात येऊन तिनं फरसाणाच्या पिशवीतून अशा पस्तीस-चाळीस गुंडाळ्या काउंटरवर ओतल्या आणि शर्मिलाला म्हणाली, "एवढं टाइप करून दे गो बाय. सोमवारी शेवटची तारीख हाय."

"कसली तारीख?" शर्मिलानं विचारलं. विचारताना तिला पक्कं माहीत होतं, कसली.

"ते साहित्य मंडळवाले नाय का, एका नव्या माणसाचं कवितांचं पुस्तक काढणार म्हणतात. आमच्या मालोजी ड्रायव्हरनं पेपरात वाचलं. बोलला, दे पाठवून, नायतरी घाटभर माझं डोकं खातेस."

शर्मिला हसली. हसली म्हणजे ओठ तेवढे हलवले. एकच पुस्तक निघणार होतं, आणि त्या पुस्तकासाठी तिची स्वतःची फाइल गेला महिनाभर त्याच कॉम्प्युटरमध्ये तयार होती. बेचाळीस कविता. दोन वर्षांच्या दुपारच्या सुट्टीत लिहिलेल्या. दीड वाजता दुकानाचे मालक मुरारीशेठ जेवायला घरी जायचे, वकील आपापले डबे उघडायचे, आणि अंगणवाडीतून आणलेली तिची तीन वर्षांची श्रुतिका काउंटरखाली गोधडीवर झोपायची. अडीचपर्यंतचा तो तास शर्मिलाचा. त्याआधी आणि त्यानंतर ती भाडेकरार टाइप करायची, वारसनोंदीचे अर्ज टाइप करायची, 'मी खालील सही करणार' असं दिवसातून वीसदा लिहायची. घरी नवरा राजेंद्र एमआयडीसीतल्या शिफ्टवरून यायचा, त्याचं जेवण, पोरीचं जेवण, उद्याचं पाणी. लिहिणं सगळं त्या एका तासात. श्रुतिका कूस वळली की ओळ तुटायची, आणि तिच्या पाठीवर थोपटता थोपटता पुन्हा सुरू व्हायची.

"तू पण पाठवलंस का गो?" राजश्रीनं विचारलं. "तू लिहितेस ना कायतरी?"

"बघू," शर्मिला म्हणाली.

राजश्री गेल्यावर तिनं पहिली गुंडाळी उलगडली, दोन्ही टोकांवर पंचिंग मशीन आणि स्टॅम्प पॅड ठेवून ती सरळ केली आणि टाइप करायला लागली.

दार लागलं
बेल दिली
मागं कुणी
पळत होतं
ती मीच
असेन का

बोटं थांबली. शर्मिलानं ते दोनदा वाचलं. मग तिला राग आला. वाचनालयातली कवितांची तीन कपाटं तिनं वाचून काढली होती, काही पुस्तकं उतरवून घेतली होती. राजश्रीनं काय वाचलं होतं? ती स्वतःच सांगायची, "मी काय वाचणार, बसच्या पाट्या." आणि सहा ओळींत तिनं ते केलं होतं, जे शर्मिलाला बेचाळीस कवितांत एकदाही जमलं नव्हतं. शर्मिलानं बॅकस्पेस दाबून त्या सहा ओळी एका ओळीत आणल्या. दार लागलं बेल दिली मागं कुणी पळत होतं ती मीच असेन का. आता ते कुठल्याही प्रवाशाच्या तक्रारीसारखं दिसत होतं. ते बघून तिला बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं. मग तिनं सगळं होतं तसं परत केलं. दुसऱ्याचा मजकूर बिघडवायचा नाही, हे हाताला लागलेलं वळण होतं. मनाला तसं काही वळण नव्हतं.

शनिवारीही ती तेच करत बसली. एकेक गुंडाळी टाइप करायची आणि एकेक खोट शोधायची. ही फार साधी. ही अर्धवट. ह्यात 'गो' कशाला? 'गो' तर तिनंही आधी लिहिलं होतं. पहिल्या वर्षी कविसंमेलनात तिनं वाचलेली कविता गाण्यासारखी होती, आजोबांच्या पदासारखी, आणि वाचून झाल्यावर एक सर चहा पिताना गोड बोलले होते, "लय छान आहे, पण आता हे गाण्याबिण्याचं जरा बाजूला ठेवा. कविता गंभीर गोष्ट असते." तिनं ठेवलं बाजूला. तिचे आजोबा काशीराम बौद्धवाडीतल्या गायन पार्टीचे शाहीर. दोन वह्या भरून पदं लिहिलेली, आणि प्रत्येक पदाच्या शेवटच्या ओळीत रिवाजाप्रमाणे स्वतःचं नाव गुंफलेलं. काशीराम सांगे, काशीराम बोले. तेव्हापासून शर्मिलाच्या कवितेत ना चाल राहिली, ना 'गो', ना आजोबा. शब्द मात्र चांगले आले. कपाटातल्या पुस्तकांतले.

सत्ताविसावी गुंडाळी लांब होती. वर लिहिलं होतं, 'ठकूआजी'. कापडे गावची, भातलावणीत गाणारी आजी. आणि शेवटी तिचं गाणं.

ओंजळीत पानी माज्या, पान्यात आभाळ गो,
ठकू बोले बायांनो, उंच ठेवा भाळ गो.

शर्मिला उठून उभी राहिली. काउंटरखाली श्रुतिका चुळबुळली तरी तिचं लक्ष गेलं नाही. हे पद तिला झोपेतसुद्धा आलं असतं. आजोबांचं, चवदार तळ्याचं पद. लहानपणी दर वर्षी वीस मार्चला आजोबांच्या खांद्यावर बसून तिनं ते ऐकलेलं. शेवटची ओळ होती, 'काशीराम बोले, उंच ठेवा भाळ गो.' पाण्याचं गाणं, तेही ह्या तळ्याच्या पाण्याचं, ते उचललं, आणि त्यातलं काशीराम खरवडून तिथे ठकू घातलं.

हे जितकं वाईट होतं, तितका तिला आनंद झाला. हे तिनं स्वतःशी कबूलही केलं. चोरी सापडली होती. वहीच्या पानाचा फोटो मंडळाला पाठवला की राजश्रीच्या अरुंद कविता बाद. मग बेचाळीस कविता आणि समोर कुणी नाही.

वही कापड्याला होती, बौद्धवाडीत, आजीच्या ट्रंकेत.

रविवारी सकाळी तिनं श्रुतिकाला स्वेटर चढवला आणि महाडच्या स्टँडवरून कापड्याची गाडी पकडली. दार ओढून घेणारी कंडक्टर राजश्रीच निघाली.

"अगो, तू? माहेराला चाललीस?" तिनं श्रुतिकाचा गाल ओढला आणि दोघींना पुढची, खिडकीची सीट रिकामी करून दिली. "चंदूभाऊ, तुमी मागं बसा, लेकरू हाय."

"मी पण कुणाचं लेकरूच हाय," चंदूभाऊ म्हणाले, पण उठले.

पोलादपूर येईपर्यंत गाडी भरली. राजश्री माणसांतून वाट काढत होती, कुणाला नावानं, कुणाला नात्यानं हाक मारत होती, आणि सगळे तिच्याशी असे बोलत होते, जणू गाडी तिच्या अंगणातून निघाली आहे. शर्मिलाला तेही खुपलं. पोलादपूर सोडल्यावर जरा मोकळं झालं तशी राजश्री तिच्या सीटच्या दांड्याला टेकून उभी राहिली.

"झालं का गो टाइप? हसलीस का वाचून?"

"ठकूआजी म्हणजे तुमची कोण?" शर्मिलानं विचारलं.

"आईची आई. माझं आजोळ कापड्याचं ना. ती गेली चार वर्षांमागं. सगळे बोलतात, माझा गळा तिच्यावर गेलाय. पण माझा कुठला गळा, दिवसभर 'पुढं सरका, पुढं सरका' बोलून फाटलाय." श्रुतिकाला पेंग आली होती. राजश्रीनं बिनबोलता आपली पाठीवरची शाल काढून तिच्या डोक्याखाली दिली आणि बेल मारायला पुढे गेली.

शर्मिलानं ती शाल परत करायची म्हणून उतरताना घडी घातली. घडी घालताना तिचा हात नको तितका हळुवार झाला, आणि त्याचाही तिला राग आला.

आजी ओटीवर वाल सोलत बसली होती. काशीबाई, काशीरामाची बायको, ऐंशीच्या पुढची, डोळे अधू पण बोटं शाबूत. तिनं पणतीला मांडीत ओढलं आणि शर्मिलाला म्हणाली, "सणवार नाय, काय नाय. नवऱ्याशी भांडलीस?"

"नाही गं. आजोबांची वही पाहिजे."

"आता बरी आठवली वही."

शर्मिलानं सगळं सांगितलं. कंडक्टर, गुंडाळ्या, ठकूआजी, गाणं. सांगताना तिचा आवाज चढला. "त्यांनी आजोबांचं नाव काढून टाकलं आजी. तळ्याच्या पदातलं. आणि स्वतःच्या आजीचं घातलं."

"ठकी," आजी म्हणाली आणि एक शेंग जरा जास्तच जोरात मोडली. "मेली तरी मधीच हाय."

"तू ओळखायचीस?"

"वळखायचे? आन जा वही."

शर्मिलानं ट्रंकेतून वही आणली. पिवळी पानं, निळी शाई, कडेला वाळवीनं काढलेली नक्षी. पद चौदावं. तिनं मोबाइल काढला, कॅमेरा नीट धरला, आणि तेव्हा तिला पदाच्या वरची ओळ दिसली. प्रत्येक पदाच्या वर आजोबा ती ओळ लिहायचे. लहानपणापासून ती ओळ टाकून पुढे वाचायची तिला सवय होती, कारण ती वाजवणाऱ्यांसाठी असते. कुठे सिनेमाच्या गाण्याची चाल लिहिलेली, कुठे कोळीगीताची. इथे लिहिलं होतं,

'चाल : ठकूबाईची. कापडे, भातलावणी.'

शर्मिलानं मोबाइल खाली केला.

"आमी धा बाया तिच्या खाचरात मजुरीला," आजी बोलायला लागली, विचारलं नव्हतं तरी. "ती घरची मालकीण, पन चिखलात आमच्याबराबर. पानी प्यायचं वेगळं, गानं मात्र एकच. तिचं गानं व्हतं, 'ओंजळीत पानी माज्या, पान्यात आभाळ गो, वाकल्या पाठीवर सांज-सकाळ गो.' आमचं ह्ये बांधावरून आवणाच्या, रोपांच्या मुठी टाकायचं. आयकलं. आठ दिसांनी तळ्याचं पद बांधून आनलं. ओंजळ तिची, आभाळ तिचं. उंच भाळ ह्यांचं. पाठ तेवढी टाकून दिली."

"बरं, चाल तिची," शर्मिला म्हणाली. तिला अजून काहीतरी हातात धरून ठेवायचं होतं. "पण नाव? नाव तर तिनंच खरवडलं ना?"

आजीनं सुपातले वाल हातानं सारखे केले. श्रुतिकानं त्यातला एक तोंडात घातला, तो बोटानं काढून टाकला.

"तिनं नाय," ती म्हणाली. "मी."

शर्मिलानं वही मांडीवर ठेवली.

"फुडल्या वरसाला लावणीत मी ते पद म्हणाय लागले. आता शेवटाला ह्यांचं नाव. नवऱ्याचं नाव मी कशी घेऊ, चार बायांत? घरात कदी घेतलं नाय. तितं आले की मी गप व्हायचे आनि हातातली मूठ पान्यात आपटायचे. थप्प बोले, उंच ठेवा भाळ गो. बाया हसून हसून चिखलात बसायच्या. मग एक दीस ठकी बोलली, काशे, तुज्या गान्याचा दात पडलाय गो. मी बोलले, मग बसव तू. तिनं आपलं नाव बसवलं."

"आणि तू बसवू दिलंस?"

"मला वाटलं व्हतं, माझं बसवावं," आजी म्हणाली. "काशी बोले. बसत व्हतं बराबर. पन मी इचार करीपरेंत तिनं म्हणून झालं व्हतं."

ओटीखालून कोंबडी गेली. आजीनं हात झटकले.

"साठ वरसं झाली, अजून जीव जळतो. ह्यांनी वहीत वर तिचं नाव लिवलं. खाली ह्यांचं. ती म्हणायची तवा खालीबी तिचंच. माझं काय, तर थप्प." मग म्हणाली, "ती गेली तवा मी बांधापरेंत गेले व्हते. फुडं नाय गेले. बांधावरनंच म्हणलं. तिच्या नावानं म्हणलं, जसं ती म्हणायची तसं."

शर्मिलानं फोटो काढला. कशासाठी, ते आता तिला ठाऊक नव्हतं.

परतीच्या गाडीत दुसरा कंडक्टर होता. श्रुतिका झोपली आणि शर्मिलाला विचार करायला तास मिळाला, जो एरवी ती कवितेला द्यायची. घाटाच्या वळणांवर तिला हळूहळू कळलं की तिचा जीव चोरीनं जळला नव्हता. ओंजळ तिच्या घरात होती. ट्रंकेत, वाळवी खात. तिनंच ती बाजूला ठेवली होती, एका चहा पिणाऱ्या माणसाच्या गोड बोलण्यावरून, आणि राजश्रीनं कुणाला न विचारता आपली म्हणून उचलली होती. राजश्रीला कुणी सांगितलंच नव्हतं की हे बाजूला ठेवायचं असतं. त्याचाच हेवा वाटत होता, आणि कारण कळलं म्हणून तो कमी झाला नाही. उलट नीट, धार लावल्यासारखा झाला.

सोमवारी दीड वाजता राजश्री युनिफॉर्मवरच आली. शर्मिलानं तिला स्टुलावर बसवलं, मोबाइलवरचं पान दाखवलं आणि आजीनं सांगितलेलं सगळं सांगितलं. राजश्रीनं फोटो मोठा करून तो पुन्हा पुन्हा वाचला. तिचा चेहरा उतरला.

"म्हणजे हे माझ्या आजीचं नाय."

"अर्धं आहे."

"अर्धं म्हणजे चोरीचंच ना गो. तुझ्या आजोबांचं, आणि तेही तळ्याचं. लोक काय बोलतील, ह्यांनी पाणी अडवलं आणि गाणं पण घेतलं." तिनं गळ्यातली शिटी मुठीत धरली. "नको पाठवू बाय. हीच एक काढायची म्हटलं तर बाकीच्यांत पण काय कुणाचं निघेल, मला काय ठाऊक. सगळंच राहू दे. मला कुठं येतं लिहायला."

दुकानात पंखा फिरत होता. काउंटरखाली श्रुतिका गाढ झोपली होती. स्क्रीनवर दोन फाइली शेजारी शेजारी होत्या. शर्मिलाला काहीही करायचं नव्हतं. नुसतं 'बरं' म्हणायचं होतं. कुणी तिला बोल लावला नसता, राजश्रीनंसुद्धा नाही. तिनं तोंड उघडलं, आणि तिच्या कानात चिखलात आपटलेल्या मुठीचा आवाज आला. आजी विचार करीपर्यंत कुणीतरी म्हणून टाकलं होतं. पण म्हटलं होतं म्हणून ते गाणं राहिलं होतं. वहीतलं वाळवी खात होती.

"काढायचं नाही," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा चिडका आला. "वर चाल लिहायची असते. तुम्ही लिहिली नाही, एवढीच चूक आहे. सांगा, मी टाइप करते."

"काय सांगू?"

मग दोघींनी मिळून ते सांगितलं, आणि शर्मिलानं 'ठकूआजी'च्या वर बारीक अक्षरात घातलं. चाल : ठकूबाईची, कापडे, भातलावणी. पद बांधलं शाहीर काशीराम यांनी. नावाची जागा मोकळी ठेवली काशीबाईंनी.

"हे शेवटचं भारी हाय," राजश्री म्हणाली. "ह्याचीच कविता होईल गो."

"ती मी लिहिणार आहे," शर्मिला घाईनं म्हणाली. "ती तुम्ही लिहायची नाही."

राजश्रीनं तिच्याकडे बघितलं आणि हसली. पहिल्यांदाच काहीतरी समजल्यासारखी. "नाय लिहित," ती म्हणाली. "पण लवकर लिव्ह. मी लय दिवस गप बसणारी नाय."

अडीचच्या आत शर्मिलानं राजश्रीची फाइल पाठवली आणि तिच्यामागोमाग आपली. आपल्या बेचाळीस कवितांत तिनं काही बदललं नाही. तेवढा वेळ नव्हता, आणि बदलण्यासारखं त्यांत काय होतं, ते सांगता आलं नसतं.

एप्रिलमध्ये निकाल लागला. पुस्तक राजश्रीचं निघणार होतं. मालोजी ड्रायव्हरनं दुकानात पेढे आणून दिले; गाडीत वाटून उरलेले, खोका अर्धा रिकामा. मुरारीशेठनी पुस्तकाची पानं लावायचं काम घेतलं, म्हणजे ते शर्मिलाकडेच आलं. प्रत्येक पान तिनं जीव लावून केलं. अरुंद ओळींना दोन्ही बाजूंना भरपूर पांढरी जागा सोडली, त्या दिसाव्यात म्हणून. आणि प्रत्येक पानाला तिचा जीव जळला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू राहिल्या, एका हातानं पोरीला थोपटत दुसऱ्यानं टाइप करावं तशा.

पुस्तक छापायला गेलं त्या दुपारी दुकान रिकामं होतं. श्रुतिका झोपली होती. शर्मिलानं फुकट गेलेल्या एका भाडेकराराची पाठ घेतली, ती उभी घडी घालून दोन बोटं रुंदीची केली आणि पेन उचललं. शेवटची ओळ आधी आली. लहानपणापासून येत होती त्याच चालीत, फक्त नाव आणि शेवट वेगळा.

काशी बोले बायांनो, ही माझी सकाळ गो.

ती तिनं कागदाच्या अगदी खाली लिहिली. मग वरच्या टोकाला गेली. तिथे काय लिहायचं हे तिला कळत होतं, आणि लिहायला हात होत नव्हता. श्रुतिका कूस वळली. शर्मिलानं वाकून तिला थोपटलं, सरळ झाली, आणि दात आवळून, पण स्वच्छ अक्षरात लिहिलं,

'चाल : राजश्री कंडक्टरची.'

मधली जागा मोकळी होती. अडीचला अजून पस्तीस मिनिटं होती.